मलंगगडावरचे मान आणि त्यांच्या गोष्टी

सूफी संतांचे उरूस बहुधा हिजरी कालगणनेप्रमाणे भरतात. हिजरी वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे असा उरूस दरवर्षी थोडा मागे सरकतो आणि तेहतीसेक वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येतो. कल्याणजवळच्या मलंगगडावरच्या हाजी अब्दुल रहमान मलंग यांचा मोठा उत्सव मात्र माघ पौर्णिमेला असतो. त्या सुमारास भाताची मळणी उरकलेली असते, थंडी पुरती सरलेली नसते, शेतकऱ्याच्या हाती थोडा पैसा आलेला असतो आणि रात्रीच्या चांदण्यात डोंगर चढता येतो. अरबस्तानातून आलेला म्हणून सांगितला जाणारा संत कोकणातल्या पंचांगाने आपला उत्सव करतो, ही गोष्ट मला या स्थानाची गुरुकिल्ली वाटते. इथे कोणाची तिथी पाळायची, कोणाचे चंदन आधी चढायचे, कोणी कुठे थांबून नमस्कार करायचा, यांतली प्रत्येक रीत म्हणजे कोणाला तरी दिलेला मान आहे, आणि त्या प्रत्येक मानामागे एक आख्यायिका उभी आहे. या आख्यायिका केवळ भाविकांच्या करमणुकीसाठी रचलेल्या नाहीत, तर ज्या काळी गावाचे बहुतेक हक्क तोंडीच चालत त्या काळातले ते दस्तऐवज आहेत, असे मला मनापासून वाटते. म्हणून चमत्कार खरा की खोटा या वादात न शिरता, कोणती गोष्ट कोणाला कोणता मान देते एवढेच या लेखात पाहायचे आहे.

ठाण्याहून कल्याणकडे लोकलने जाताना दिवा मागे पडले की उजव्या हाताला दूरवर एक उभा, तुटलेल्या कड्यांचा डोंगर दिसू लागतो, तो मलंगगड. इंग्रजांनी त्याला ‘कॅथेड्रल रॉक’ म्हटले. नवी मुंबईकरांना तो तळोजा-पनवेलच्या बाजूने दिसतो आणि वावंजे गावाकडून त्याचा सुळका अगदी अंगावर येतो. हा गड तीन टप्प्यांत चढतो. सर्वांत खाली पीरमाची, तिच्यावर सोनमाची आणि सर्वांत वर बालेकिल्ला. गिर्यारोहकांना ओढ असते ती बालेकिल्ल्याची, कारण तिथला चढ कठीण आणि धोक्याचा आहे. भाविकांचा गड मात्र पीरमाचीवरच पूर्ण होतो, कारण दर्गा तिथे आहे. कल्याण स्थानकातून बस पायथ्याशी सोडते आणि तिथून पायऱ्यांची वाट लागते. ज्यांच्या गुडघ्यांना चढ झेपत नाही त्यांना डोलीवाले खांद्यावरून वर नेतात.

हाजी मलंगांच्या कथेचा आरंभ नल राजापासून होतो. या मुलखावर नल राजाचे राज्य असताना येमेनकडून एक फकीर आपल्या अनुयायांसह इथे आला आणि गडाच्या खालच्या माचीवर राहू लागला, असे सांगतात. डोंगरात त्या काळी दैत्यांचा वावर होता, माणसे हैराण झाली होती आणि बाबांनी त्यांचा बंदोबस्त केला, अशीही एक पुरवणी जोडली जाते. फकिराची कीर्ती राजाच्या कानावर गेली, पण राजाला त्याच्या साधुत्वाची परीक्षा पाहायची होती. त्यासाठी त्याने आपली सुंदर मुलगी माचीवर पाठवली. फकिराचे मन ढळले नाही. पुढे काय झाले याविषयी मात्र कथेला दोन फाटे फुटतात. एका परंपरेप्रमाणे राजाने प्रसन्न होऊन आपली मुलगी त्या संताला देऊ केली. दर्ग्यावर आणि आमच्या भागातल्या घराघरांत जी गोष्ट ऐकू येते तिच्यात मात्र बाबांनी त्या राजकन्येला मुलगी मानले आणि ती तिथेच त्यांच्या सेवेत राहिली. तिला लोक ‘माँ फातिमा’ म्हणतात. तिची मजार बाबांच्या दर्ग्याच्या आवारातच आहे.

मला यातला दुसरा पाठ अधिक मोलाचा वाटतो, आणि त्याचे कारण भावनेपुरते नाही. माँ फातिमाच्या मजारीपाशी जे घडते ते त्या पाठाशिवाय उलगडत नाही. बाबांच्या कबरीपाशी पुरुषांची गर्दी आणि घाई असते. फातिमाच्या मजारीपाशी बायका थांबतात, बसतात, बोलतात. कोणी हिरव्या बांगड्या ठेवते, कोणी ओढणी घालते, कोणी लेकीच्या लग्नाचे किंवा सुनेच्या बाळंतपणाचे गाऱ्हाणे घालते. बापाच्या घरी मुलीचा जो हक्क असतो, त्या हक्काने ही राजकन्या मध्यस्थी करते अशी त्यांची श्रद्धा आहे. एका बाईने मला फार साधेपणाने सांगितले होते की बाबांकडे काही मागायचे असेल तर आधी तिला सांगावे, कारण लेकीचा शब्द बाप मोडत नाही. परीक्षा पाहायला म्हणून पाठवलेली मुलगी त्या स्थानाची लेक झाली आणि मागाहून येणाऱ्या सगळ्या लेकीसुनांसाठी तिने आत जाण्याची वाट मोकळी केली. कथेने तिला हा मान दिला नसता तर त्या आवारात बायकांना हक्काची जागा कोणती राहिली असती, असा प्रश्न मला पडतो.

याच डोंगराला मच्छिंद्रनाथांचे स्थान मानणारेही पुष्कळ आहेत. नाथपंथाची कथा ज्यांनी लहानपणी ऐकली असेल त्यांना इथे एक साम्य चटकन जाणवेल. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात जातात, तिथल्या राणीच्या सहवासात रमतात आणि शेवटी गोरक्षनाथ मृदंगातून ‘चलो मच्छिंदर गोरख आया’ असा ध्वनी काढून गुरूंना परत आणतात. एका कथेत राजा फकिराकडे स्त्री पाठवतो आणि फकीर तिला लेक करतो; दुसऱ्या कथेत योगी स्त्रीच्या राज्यात जातो आणि शिष्य त्याला सोडवून आणतो. दोन्हींचा प्रश्न एकच आहे: ज्याने संसार सोडला त्याने संसारी माणसांशी, विशेषतः बायकांशी, कोणत्या नात्याने वागायचे? मलंग म्हणवणारे फकीरही अविवाहित राहतात, केस वाढवतात, घरदार करत नाहीत, आणि कानफाटा, म्हणजे नाथपंथी, जोगीही तसाच. एकाच डोंगरावर ही दोन नावे येऊन राहिली, यात मला तरी नवल वाटत नाही. खालच्या गावातल्या शेतकऱ्याला दारात आलेला जोगी आणि दारात आलेला मलंग यांच्यात फरक दिसत असला, तरी भिक्षा दोघांनाही त्याच सुपातून घातली जात होती.

आता वाटेवरच्या रीतींकडे वळतो. गडावर जाणारा भाविक थेट बाबांकडे जात नाही. चढताना आधी बख्तावर शाह बाबांचे स्थान लागते, ती पहिली सलामी. आणखी वर सुलतान शाह बाबांचे स्थान आहे, ती दुसरी सलामी. या दोन ठिकाणी थांबून, ऊद लावून, फूल वाहून पुढे जायचे, हा नियम नवख्यालाही कोणीतरी वाटेत सांगतेच. पंढरपुरात विठोबाच्या आधी चोखोबांच्या समाधीपाशी आणि नामदेवांच्या पायरीपाशी माथा टेकवतात, तीच ही मर्यादा आहे. मोठ्याच्या भेटीला जाताना त्याच्या सोबत्यांना ओलांडून जायचे नसते. पुढे पाच पिरांचे स्थान आहे आणि ‘घोडे की टाप’ म्हणून ओळखली जाणारी जागा आहे. तिथे बाबांच्या घोड्याचा खूर खडकावर पडला आणि पाणी फुटले असे सांगतात. उन्हाळ्यात हा डोंगर चढलेल्या माणसाला ही कथा का जन्मली असेल ते निराळे समजावून सांगावे लागत नाही. सह्याद्रीतल्या कितीतरी गडांवर कोरीव टाक्यांशी देवाची किंवा सिद्धाची अशीच गोष्ट जोडलेली आढळते, कारण एवढ्या उंचीवर टिकणारे पाणी ही माणसाला देणगीच वाटते.

दर्ग्यावर पोहोचल्यावर डोके झाकायचे असते. पुरुषांसाठी टोपी किंवा हातरुमाल, बायकांसाठी पदर. ताटात गुलाबाची फुले, उदबत्ती, साखरफुटाणे आणि ऐपतीप्रमाणे चादर असते. मुजावर फातिहा पढतात, मोरपिसांचा कुंचा डोक्यावरून फिरवतात आणि फुलांतली चार फुले व थोडी साखर तबर्रुक म्हणून परत देतात. ती साखर घरी आणून शेजारीपाजारी वाटायची असते. नवस बोललेला धागा जाळीला बांधतात आणि इच्छा पूर्ण झाली की परत येऊन सोडतात, निदान कोणता तरी एक धागा सोडतात, कारण आपला नेमका कोणता हे पुन्हा ओळखता येत नाही. बाहेर पडताना कबरीकडे पाठ करायची नाही, उंबऱ्यापर्यंत उलट्या पावली यायचे. मुलांना ही शेवटची रीत फार आवडते आणि मोठ्यांचा हात धरून ती मोठ्या गांभीर्याने पाळतात.

घणसोलीतल्या एका ओळखीच्या आगरी कुटुंबाबरोबर मी या वाटेने गेलो आहे. त्यांच्या घरी मुलाचे जावळ मलंगबाबाला देण्याची चाल आहे. घरात खंडोबाचे टाक आहेत, गावदेवीची जत्रा ते हौसेने करतात, एकवीरेला जातात, आणि पहिल्या मुलाचे जावळ मात्र मलंगगडावर. मी कारण विचारले तेव्हा घरातल्या आजींनी आपल्या सासूबाईंची गोष्ट सांगितली. त्यांची मुले जगत नव्हती, कोणीतरी गडाचे नाव सुचवले, पुढचे मूल जगले, आणि तेव्हापासून घराण्यावर ते देणे लागते. त्या ‘देणे लागते’ असेच म्हणाल्या. श्रद्धा, धर्म, परंपरा यांपैकी कोणताही शब्द त्यांनी उच्चारला नाही. महाराष्ट्रात पिराला कंदुरी, म्हणजे नवसाचे जेवण, करणारी, मोहरमच्या डोल्याखालून मुले काढणारी हिंदू घरे असंख्य आहेत, आणि बहुतेकांच्या बोलण्यात अशा देण्याघेण्याचाच हिशेब असतो. तो हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चुकता होत राहतो.

मलंगगडाच्या इतिहासातले सर्वांत विलक्षण मान मात्र एका कल्याणकर ब्राह्मण घराण्याकडे आहेत. त्याची कथा १७८० सालच्या लढाईपाशी सुरू होते. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात कॅप्टन ॲबिंग्टनच्या फौजेने गडाची खालची माची घेतली, पण वरचा गड तिला घेता आला नाही. उलट मराठी फौजेने तिचीच नाकेबंदी केली आणि अखेर कर्नल हार्टलेने येऊन तिची सुटका केली. इंग्रज माघारी गेले. लोकांनी त्याचे श्रेय बाबांना दिले. तोफा आणि तटबंदी यांच्या जोडीला डोंगरावरच्या पिराची कृपा होती म्हणून गड वाचला, अशी भावना पसरली आणि ती पुण्याच्या दरबारापर्यंत पोहोचली. पेशव्यांच्या वतीने कल्याणचे काशिनाथपंत केतकर नजराणा घेऊन गडावर गेले. मोत्यांच्या झालरीची जरीची चादर आणि ती धरणारे चांदीचे खांब, असा त्या नजराण्याचा थाट सांगितला जातो. दर्ग्याची दुरुस्ती काढली तेव्हा लागणारे दगड पाथरवटांवाचूनच घडून तयार झाले, बाबांनी स्वतःच ती सेवा पुरी करून घेतली, असेही त्या कथेत आहे. काशिनाथपंतांपासून दर्ग्याची वहिवाट, म्हणजे कारभाराचा हक्क, केतकर घराण्याकडे आली.

पेशवे ब्राह्मण, त्यांचा प्रतिनिधी ब्राह्मण, आणि चादर मुसलमान संताच्या कबरीवर. आज हे वाचताना अनेकांना कोडे पडते, पण त्या काळच्या राज्यव्यवहारात त्यात वावगे काहीच नव्हते. मराठी राज्यातले दर्गे आणि मशिदी यांची इनामे चालू ठेवलेली असत, आणि जय मिळाला तर ज्याच्या भूमीवर मिळाला त्या दैवताचे उपकार मानायचे, हा शिरस्ता होता.

यानंतरचा प्रसंग मला या सगळ्या इतिहासात सर्वाधिक प्रिय आहे. दर्ग्याची व्यवस्था ब्राह्मणाकडे असावी याला कल्याणच्या काही मुसलमानांनी हरकत घेतली. वाद हे स्थान कोणाचे याचा नव्हता, कारभार कोणी पाहायचा याचा होता. १८१७ साली, म्हणजे पुण्याच्या तहाने उत्तर कोकण कंपनी सरकारच्या ताब्यात गेले त्याच वर्षी, तो सरकारी अधिकाऱ्यापुढे आला. त्या अधिकाऱ्याने कागद तपासून निवाडा दिला नाही. बाबांची इच्छा काय आहे हे चिठ्ठ्या टाकून पाहावे, असे त्याने ठरवले. चिठ्ठ्या टाकल्या, आणि तिन्ही वेळा काशिनाथपंतांच्या प्रतिनिधीचेच नाव आले. वहिवाट केतकरांकडे राहिली.

कोकणातल्या माणसाला ही पद्धत परकी नाही. दक्षिण कोकणात गावऱ्हाटीत आजही देवाला कौल लावतात. मूर्तीला पाकळ्या किंवा तांदूळ चिकटवायचे, गुरवाने प्रश्न विचारायचा आणि उजवी पडते की डावी यावर निर्णय मानायचा. देव हाच गावाचा मालक, माणसे त्याची सेवेकरी, म्हणून तंटा विकोपाला गेला की मालकालाच विचारायचे, हा त्यामागचा विचार. कंपनीच्या अधिकाऱ्याला कौलाची माहिती होती की नव्हती याने फारसे बिघडत नाही. दोन्ही पक्षांनी तो निर्णय मानला, कारण दोन्ही पक्षांच्या मते गडाचा मालक बाबाच होता. ब्राह्मणाने एका मुसलमान संताच्या इच्छेवर आपला हक्क सोपवला आणि मुसलमानांनी त्या संताने ब्राह्मणाला दिलेला कौल मान्य केला. तेव्हापासून माघ पौर्णिमेच्या उत्सवात वहिवाटदार घराण्याचा मान आणि मुजावरांचा मान शेजारी शेजारी चालत आले आहेत. पालखी निघते, संदल म्हणजे चंदनाचा लेप चढतो, गलेफ म्हणजे कबरीवरची चादर बदलली जाते, आरती आणि फातिहा एकाच आवारात होतात.

कोणत्या मानाला कोणती कथा धरून ठेवते याचे आणखी एक उदाहरण आपल्या अगदी जवळ, माहीमला आहे. मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) हे मोठे विद्वान सूफी होते. कुराणावरचे त्यांचे अरबी भाष्य प्रसिद्ध आहे. पण सामान्य माणसाला ते आठवतात ते आईसाठी रात्रभर पाण्याचा पेला हातात धरून उभा राहिलेला मुलगा म्हणून. दर डिसेंबरात भरणाऱ्या माहीमच्या जत्रेत पहिल्या संदलाचा मान मुंबई पोलिसांचा असतो. माहीम पोलीस ठाण्यापासून निघणाऱ्या मिरवणुकीत वर्दीतले अधिकारी डोक्यावर ताट घेऊन चालतात. अंतकाळी बाबांना एका शिपायाने पाणी पाजले होते, म्हणून हा मान पोलिसांना मिळाला, असे सांगतात. पंधराव्या शतकातला शिपाई आणि आजचे पोलीस दल यांच्यामध्ये चार राजवटी गेल्या, तरी घोटभर पाण्याने मिळालेला हक्क टिकून आहे. तहान, पाणी, सेवा आणि तिच्या बदल्यात पहिला मान, हे सूत्र सूफी स्थानांच्या कथांत पुन्हा पुन्हा सापडते.

मलंगगडाची नाथपंथीय बाजूही अशाच कथांवर उभी आहे आणि ती कमी जुनी किंवा कमी खरी मानण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातल्या नाथस्थानांना दुहेरी नावे आहेत, हे नवनाथांच्या पोथीचे पारायण करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. पोथीच्या शेवटच्या अध्यायातच जालिंदरनाथांना जान पीर आणि गहिनीनाथांना गैबी पीर म्हटले आहे. मच्छिंद्रनाथांचे आणखी एक प्रसिद्ध समाधिस्थान बीड जिल्ह्यात सावरगावला आहे आणि तिथे ते मायंबा या नावाने ओळखले जातात. पाथर्डी तालुक्यातली मढी हे कानिफनाथांचे स्थान, आणि तेच सूफी संत शाह रमजान माही सवार यांचेही. माही सवार माशावर बसून गोदावरी पार करतात, आणि मच्छिंद्रनाथांचा तर जन्मच माशाच्या पोटातला. मासा आणि सिद्ध यांचे हे नाते नाथांच्या आणि सूफींच्या दोन्ही कथांत पोहत आले, आणि खाडीकाठच्या आमच्या कोळ्यांना ते कधी कोणी समजावून द्यावे लागले नसेल. मढीला रंगपंचमीच्या यात्रेत जे लोक येतात आणि मलंगगडाला माघात जे येतात, त्यांपैकी बहुतेकांच्या मनात ही दोन नावे एकमेकांना पुसून टाकण्यासाठी आलेली नसतात.

तरीही भांडण झाले, आणि त्याचा उल्लेख टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९८०च्या दशकात ठाण्यात शिवसेनेच्या आनंद दिघे यांनी हे स्थान मच्छिंद्रनाथांचे मंदिर असल्याचे सांगत आंदोलन उभे केले. तेव्हापासून माघ पौर्णिमेला गडावर मोठा पोलीस बंदोबस्त असतो आणि ठाणे जिल्ह्याच्या राजकारणात हा विषय पुन्हा पुन्हा वर येतो. ज्यांच्या घरी नाथांची उपासना आहे त्यांना मच्छिंद्रनाथांचे नाव या डोंगरावरून पुसले जाऊ नये असे वाटते, यात मला काहीच गैर दिसत नाही. ते पुसले जाऊच नये. पण त्यासाठी दुसरे नाव पुसणे आवश्यक आहे, हे मला पटत नाही. या स्थानाने गेली दोन शतके जे सांभाळले ते नेमके उलटे आहे. केतकर घराणे पक्षकार असलेल्या १९५४च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानेही असाच विचार मांडला, की हे स्थान संमिश्र स्वरूपाचे असून ते केवळ हिंदू किंवा केवळ मुसलमान धर्मकायद्याने नव्हे, तर त्याच्या स्वतःच्या विशिष्ट रूढीने किंवा विश्वस्त संस्थांच्या सर्वसाधारण कायद्याने चालवले जावे. रूढी हा शब्द तिथे महत्त्वाचा आहे. न्यायालयाने एका अर्थी १८१७च्या चिठ्ठ्यांचे, मोत्यांच्या चादरीचे, पहिल्या आणि दुसऱ्या सलामीचे वजन मान्य केले.

गडावरच्या एका प्रथेविषयी मात्र मला स्पष्ट बोलले पाहिजे. बाधा झालेली, अंगात येणारी माणसे इथे आणली जातात, आणि आवारात त्यांची ‘हाजरी’ भरते. मोकळे केस, किंचाळणे, गडाबडा लोळणे हे दृश्य पाहणाऱ्याला हलवून टाकते. तिथे येणाऱ्या कित्येक बायका घरात कधी मोठ्याने बोललेल्याही नसतात, आणि त्या आवारात त्यांना ओरडता येते, रडता येते, कोणी गप्प बसवत नाही, हे मी नाकारत नाही. परंतु मानसिक आजार असलेल्या माणसाला फक्त गडावर ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय इथून दूर नाही. बाबांचा धागा मनगटावर असताना डॉक्टरांची गोळी घेता येते, आणि बाबांच्या कोणत्याही कथेत उपचार नाकारलेला मी ऐकलेला नाही.

उरसाच्या रात्री आणखी एका समाजाला इथे जो मान मिळतो तो आपल्या शहरांत सहसा मिळत नाही. तृतीयपंथी मंडळी देशाच्या दूरदूरच्या भागांतून या गडावर येतात, चादर आणतात, वाजतगाजत चढतात आणि त्या गर्दीत त्यांना वाट करून दिली जाते. लांब जटा आणि हातात चिमटा घेतलेले मलंग फकीर, कव्वाल, भगव्या वस्त्रांतले जोगी, कडेवर मूल घेतलेल्या आगरी बायका आणि पहिल्यांदाच आलेली कॉलेजची मुले त्याच पायऱ्यांवर असतात. ज्याने स्वतः घर केले नाही त्या संताच्या दारात, ज्यांना घराने ठेवले नाही त्यांना जागा मिळावी, हे फकिरीच्या तर्काला धरूनच आहे.

या सगळ्यांतले फार थोडे कागदावर आले आहे. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये मलंगगडाची नोंद आहे, न्यायालयाच्या निकालात वहिवाटीची हकिकत आहे, आणि वर्तमानपत्रांत वादाच्या बातम्या आहेत. पण बख्तावर शाहांना पहिली सलामी का, खालच्या वाड्यांतल्या ठाकूर आणि कातकरी घरांकडे उत्सवातली कोणती कामे होती, जावळाची चाल कोणत्या गावांत आहे, हे घराघरांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात शोधावे लागते. दिघा, घणसोली, कळवा, डोंबिवली, नेवाळी, वावंजे या पट्ट्यात राहणाऱ्या ज्या वाचकांच्या घरी मलंगबाबाचे काही देणे असेल, त्यांनी ते आपल्या आजीआजोबांना विचारून जसेच्या तसे लिहून ठेवावे आणि शक्य असेल तर मलाही कळवावे. माँ फातिमाच्या कथेचे सगळे पाठ मला विशेष करून हवे आहेत. ती बायको की लेक, राजाने तिला परत बोलावले होते का, तिच्याबरोबर महालातून कोणी आले होते का, आणि बाबांच्या आधी तिची परवानगी घेण्याची रीत आणखी कोणत्या घरांत पाळतात, हे मला जाणून घ्यायचे आहे.